शिवेवर खोटं नाही

महाड
८ डिसेंबर २००३

दादा,
जयभीम.

आई काल मुंबईहून परत आली. चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहून पाय सुजलेत, पण जेवली नीट. आज सकाळी चहा घेताना म्हणाली, "दादाला पत्र लिव आणि माफी माग. फोनवर तुम्ही दोघं नुसतं हॅलो हॅलो करता." म्हणून लिहितेय. पत्र लिहिलं, एवढं तिचं ऐकलं. माफी मागणार नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको.

फेब्रुवारीत आपल्या चंदूला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला तू येणार नाहीस, असं तू आईला सांगितलंस. उज्वलाने चारचौघांत चूक कबूल केली तरच येईन, म्हणालास. चारचौघांत का, ते मला समजतं. तूही चारचौघांतच बोलला होतास. तो गेल्यावर घातलेल्या मांडवात रिक्षावाला विनोद रडता रडता बोलून गेला, की चंदूला सगळं ठाऊक होतं, ताईने त्याला सांगितलं होतं. त्यावर तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "म्हणजे तू मारलंस त्याला." भन्तेजी समोर होते. मामा होते. मी काही बोलले नाही. मी गप्प राहिले म्हणजे मला ते मान्य होतं, असं कुणी समजलं असेल तर ते चुकीचं आहे.

मुंबईच्या हॉस्पिटलच्या जिन्यात डॉक्टर, तू आणि मी उभे होतो. पोटाचा कॅन्सर आहे, पसरलाय, असं डॉक्टर म्हणाले. तू म्हणालास, चंदूला अल्सर सांगायचं. आईलाही तेच सांगायचं. मी मान हलवली. ते खरं आहे. नंतर मी चंदूला खरं काय ते सांगितलं. तेही खरं आहे. मान हलवली याचं मला वाईट वाटतं. सांगितलं याचं वाटत नाही.

आई विचारते, वापीला थंडी पडली का. अमितावहिनींना जयभीम सांग.

उज्वला


पोलादपूर, शाळेतून
२३ डिसेंबर २००३

दादा,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. शाळेच्या पत्त्यावर घातलंस ते बरं केलंस. घरी आलं असतं तर आईने वाचून दाखव म्हटलं असतं. मधल्या सुट्टीत ऑफिसात बसून वाचलं. समोर शिपाई महिपतमामा होते, त्यामुळे चेहरा सरळ ठेवावा लागला.

तू लिहिलंस, "माणसाला झेपेल तेवढंच सांगावं. आपण एवढी वर्षं खेळ खेळलो, त्यातसुद्धा हेच शिकलो." दादा, आपल्या खेळात हे नव्हतं. तुझ्या खेळात होतं.

मजा म्हणजे मामांनी नेमकं आजच विचारलं. "बाई, रविवारचं तुमच्या घरी काय असतं? आमचा जानू सांगतो, विनोद रिक्षावाला तुमच्याकडं येऊन मरतो म्हणून."

मी सांगितलं, की खेळ आहे. एक जण सांगणारा असतो. तो एक जग सांगतो, जंगल, घाट, राक्षस, गावं. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन फिरतात. काय करायचं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं ते पिशवीतल्या आकड्यावर ठरतं, मोठा आला की जमलं. हाऊजीच्या सोंगट्या आहेत, एक ते वीस. माणूस जगत गेला, शिकत गेला, की त्याची लेव्हल वाढते. चुकला तर मरतो.

"जुगार नाय?"

"नाही मामा."

"मग मिळतं काय?"

मी तुझ्या पत्राची घडी घातली. मामा म्हणाले, "बरं बरं," आणि घंटा द्यायला गेले.

सुरुवात तूच विसरलास, म्हणून लिहिते. रायगडला निघालेल्या एका ट्रेकरने चंदूच्या दुकानात एक जाडं इंग्रजी पुस्तक झेरॉक्सला दिलं. चंदूने चित्रं बघून एक प्रत स्वतःसाठी जास्तीची काढली. मग तुम्ही दोघं डिक्शनरी घेऊन बसलात. त्या पुस्तकात एक तक्ता होता. कुठल्या लेव्हलच्या माणसांसमोर सांगणाऱ्याने काय आणायचं, त्याचा. पहिल्या लेव्हलला उंदीर आणि भुरटे चोर. वरच्या लेव्हलला राक्षस. तुला तो तक्ता फार आवडला होता. तू केमिस्ट्रीवाला, तुला प्रमाण लागतं.

चंदू म्हणाला, "म्हणजे मी पहिल्या लेव्हलला असलो की घाटात उंदीर, आणि दहाव्याला गेलो की त्याच घाटात राक्षस? तोपर्यंत कुठे होता तो? सुट्टीवर?"

तू म्हणालास, "अरे येड्या, नाहीतर खेळणारे पहिल्याच रविवारी मरतील."

"मरतील कशाला? पाय नाहीत त्यांना? पळतील की."

त्याने त्या तक्त्यावर रेघ मारली. मोठा कार्डशीट आणून नकाशा काढला. सावित्री नदी तशीच ठेवली, बाकीची नावं बदलली. दरी, खिंड, देवराई, प्रत्येक जागेला धोक्याचा आकडा दिला आणि तो शाईने लिहिला. तिथे कोण जाणार आहे हे बघून आकडा बदलायचा नाही, असं ठरवलं.

एवढंच तुला आठवतं. म्हणून तू म्हणतोस, चंदूच्या जगात लोक फुकट मरायचे. पण अर्धा नियम तू सोडतोस.

आपल्या मामाच्या गावी, वरंधच्या वर, सुट्टीत चंदू आबाजी धनगराबरोबर म्हशी घेऊन रानात जायचा. तू कधी आला नाहीस, तुला जळवांची भीती. दुसऱ्या वाडीच्या रानाची शीव लागली की आबाजी म्हशी थांबवायचा आणि हाळी घालायचा, "शीव कुणाची? पुढं काय हाय?" पलीकडे जो कुणी असेल, त्याने खरं सांगायचं. वाघरू आलंय, कडा सुटलाय, गुरांना रोग आहे. बोलणं बंद असलं, भांडण असलं, तरी सांगायचं. शिवेवर विचारणाऱ्याला खोटं सांगितलं की सांगणाऱ्याची म्हैस आटते, असं त्यांच्यात मानतात. न विचारता गेलास तर मात्र तुझं तू बघ. आणि ऐकल्यावर जायचं की फिरायचं, तेही ज्याचं त्याने ठरवायचं. वाघरू आहे म्हटल्यावर आबाजी बहुतेक वेळा फिरायचा. एकदा फिरला नाही. चंदूने विचारलं तर म्हणाला, "पाणी तिकडंच हाय रं पोरा. म्हशी तान्हेल्या हायेत."

चंदूने तो नियम खेळात आणला. शिवेवर थांबून विचारलं, तर सांगणाऱ्याने खरा आकडा सांगायचाच. त्याच्या जगात धोका कुणासाठी लहान होत नव्हता. पण विचारणाऱ्यापासून लपवलाही जात नव्हता. एक सोडून दुसरं घेतलं तर तो नियमच राहत नाही.

माझी बस साडेपाचची. थांबते.

उज्वला


महाड
१९ जानेवारी २००४

दादा,
जयभीम.

तू लिहितोस, "मी सांगणारा होतो त्या वर्षात एकही माणूस मेला नाही आणि सगळे खूश होते." बरोबर आहे. चंदू झेरॉक्स मशीनची दुरुस्ती शिकायला पनवेलला गेला होता, ते वर्ष. मग पुढचं पण लिही की. तू लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहिते.

मे महिन्यात आईने घर रंगवायला काढलं. शिलाई मशीन सरकवलं तर खाली तीन नंबरची सोंगटी. तिच्यावर धुळीचा थर, कोळ्याचं जाळं. चंदू तेव्हा नुकताच पनवेलहून आला होता. विनोदने ती उचलली आणि म्हणाला, "आयला, हा तिया इथं काय करतो? गेल्या रविवारी राक्षसाला तीनच आला होता ना, म्हणून तर मी वाचलो."

ज्योती म्हणाली, "त्याच्या आदल्या रविवारी पण तीनच होता, दादू."

"पुलावरच्या राक्षसाला तर लागोपाठ दोनदा तीन."

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू पिशवीत हात घालायचास, सोंगटी बघायचास, परत टाकायचास आणि आम्हाला आकडा सांगायचास. तीन नंबर पिशवीत नाही, हे तुला कळलंच नव्हतं, कारण तू आकडे वाचतच नव्हतास. आम्ही मरायला टेकलो की तुझ्या तोंडी तीन यायचा.

तू म्हणालास, "अरे मरत होतात सगळे. मजा गेली असती."

चंदू ओरडला नाही. म्हणाला, "म्हणजे वर्षभर हे जिंकले नाहीत. तू जिंकवलंस."

पण मला लक्षात राहिली ती ज्योती. विनोदची धाकटी बहीण, पुलावरचा राक्षस तिने मारला होता. शाळेत, शेजारी, सगळ्यांना सांगितलं होतं तिने. ती एवढंच म्हणाली, "मग माझा राक्षस?" तू तिला म्हणालास, "मारलास की तू!" ती हसली नाही. नंतर त्या राक्षसाचं नाव तिने कधी काढलं नाही.

तू वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. तुला आम्ही जगायला हवे होतो. पण आम्हाला काय झेपेल हे तू आम्हाला न विचारता ठरवलंस, आणि त्या ठरवण्याला प्रेम म्हणालास. दादा, या गावात आपल्या आजोबांना काय झेपेल, काय शोभेल, हे दुसरेच ठरवत होते. तळ्यावर पाणी प्यायला गेले तेव्हा पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कुणी त्यांच्यासाठी लाठ्या लहान करून ठेवल्या नव्हत्या. डोकं फुटलं, आयुष्यभर खूण राहिली, आणि ती खूण ते दरवर्षी वीस मार्चला घरी येणाऱ्या पाहुण्यांना फेटा काढून दाखवायचे. कुणी आधी खोटं सांगून त्यांना घरी बसवलं असतं तर त्यांनी काय दाखवलं असतं?

आता मी सांगणारी आहे. तुला विनोदने कळवलंच आहे, आणि तू लिहिलंस, "आता तरी जरा सोपं कर, पोरं दुःखात आहेत." मी सोपं केलं नाही. काल नाही, त्याच्या आदल्या रविवारी विनोदचा भैरू मेला.

विनोदने सहा वर्षं खेळवलेला माणूस तो. चौथी लेव्हल. ज्योतीची वैदीण काळखिंडीच्या पलीकडे अडकली होती. भैरू खिंडीच्या शिवेवर थांबला. विनोदने रीतसर विचारलं, "शीव कुणाची? पुढं काय हाय?"

मी नकाशा बघून सांगितलं, "नऊ."

"चंदूनं लिवलेलं?"

"हो."

"पेनानं?"

"पेनानं."

तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. ज्योती म्हणाली, "दादू, जाऊ नको रे. मी दुसरी वैदीण घेईन." विनोद म्हणाला, "गप बस गो. तू दुसरी घेशील, हिला कोण सोडवील?" आणि गेला. खिंड त्याने अडवून धरली, वैदीण सुटली, आणि मग मी समोरच्याच्या वाराची सोंगटी काढली. मी ती सगळ्यांसमोर काढते आणि टेबलावर ठेवते. एकोणीस आला. मी एकोणीसच म्हटलं.

विनोद म्हणाला, "चंदू असता तर..."

मी म्हटलं, "चंदू असता तरी मेला असतास."

"ठावूक हाय. त्याच्या हातनं मेलो असतो तर बरं वाटलं असतं, एवढंच."

आतून आई ओरडली, "मेल्यांनो, निदान इथं तरी एखाद्याला जगवा!"

मला वाटलं, विनोद आता येणार नाही. काल वेळेच्या आधी दारात हजर. म्हणाला, "भैरूचा चुलता आणलाय. हा जरा भित्रा हाय, आधीच सांगतो." ज्योतीने काळखिंडीत भैरूची समाधी बांधली. त्यावर काय लिहायचं यावरून दोघं भांडली. ज्योती कुणालाही सांगू शकते की माझ्यासाठी भैरू मेला. ते खरं आहे. कुठली सोंगटी मशीनखाली सापडली म्हणून ते खोटं होणार नाही.

तू फेब्रुवारीचं काही लिहिलं नाहीस.

उज्वला


महाड
८ फेब्रुवारी २००४

दादा,
जयभीम.

तुझं पत्र नाही. फोनही नाही. आईने भन्तेजींना बावीस तारीख सांगितली आहे, रविवार आहे. जेवण मामीकडच्या बायका करतील.

आज दुपारी आई तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "मागितलीस का माफी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग एवढी पत्रं कसली लिवतेस?"

मग मी तिला सगळं सांगितलं. जिन्यातलं बोलणं, अल्सर, तू काय म्हणालास, मी मान हलवली, नंतर चंदूला सांगितलं. तिच्यापासून लपवलं तेही. आजवर तिला हे तुकड्यांनी कळलं होतं, लोकांकडून. माझ्याकडून कधी नाही.

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला ठावूक होतं."

"कधीपासून?"

"त्याची लुंगी रोज मी धुत होते. कंबर कुठवर आली ते मला दिसत नव्हतं? तुझा बाप असाच गेला. अल्सर म्हणे."

मी विचारलं, मग तू आम्हाला विचारलं का नाहीस.

"विचारलं असतं तर तुम्ही तोंडावर खोटं बोलला असता. आणि मला ते कळलं असतं. मग तुमच्याकडं बघायचं कसं? एक पोर चाललेलं. उरलेली दोन तरी धड राहू देत, म्हटलं."

दादा, इथे मी चुकले. आई विचारत नाही म्हणजे तिला नको आहे, असं मी धरून चालले. तिला फक्त आपलं खोटं नको होतं. तू मला चंदूबद्दल बोलतोस तिथे मी तुझं काही ऐकून घेणार नाही. पण आईबद्दल कुणी बोललं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. कुणी बोललं नाही, तू सुद्धा नाही. आईला सांगायला हवं होतं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "माफीबिफी राहू दे. तो अट घालतो म्हणून मी तुला सांगत होते. एकाला घरात आणायला दुसरीला वाकवायचं, हे मला नाय जमत. त्याला लिव, यायचं तर ये. नसंल यायचं तर नको येऊ. भात तेवढाच शिजंल."

तिच्या शब्दांत लिहिलंय.

उज्वला


महाड
१७ फेब्रुवारी २००४

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. एकच ओळ आहे. "तू त्याला कधी सांगितलंस आणि तो काय म्हणाला?"

वर्ष झालं. या वर्षात तू मला हे पहिल्यांदा विचारलंस. मांडवात तू विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. पत्रांतही सांगतच होतास. आता विचारलंस, तर उत्तर देते. बसून वाच. वहिनींना सांग, थोडा वेळ हाक मारू नका.

तू समजतोस, मी जानेवारीत सांगितलं. त्याने इंजेक्शनं नको म्हटली तेव्हा. मी सांगितलं, त्याने हाय खाल्ली, उपचार सोडले आणि महिन्यात गेला, असा तुझा हिशोब आहे.

मी ऑगस्टमध्ये सांगितलं. जिन्यातल्या बोलण्यानंतर आठवडाही झाला नव्हता. तू वापीला परत गेला होतास. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं, कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती निघत होत्या. मी डबा घेऊन गेले होते. चंदू मशीनवरून वर न बघता म्हणाला, "ताई, पुढं काय हाय?"

आबाजीच्या आवाजात म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, "बटाट्याची भाजी." त्याने मशीन बंद केलं. माझ्याकडे वळून परत तेच विचारलं, या वेळी स्वतःच्या आवाजात. खेळाबाहेर त्याने ते कधी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. कॅन्सर आहे, पोटाचा, पसरलाय. वर्ष म्हणालेत डॉक्टर, तेवढंही मिळेल असं नाही. मला फिरवून सांगता येत नाही. जसं ऐकलं होतं तसं सांगितलं. तो स्टुलावर बसला. गिऱ्हाईक आलं, त्याला मी हात करून परत पाठवलं. चंदू रडला, ते पण लिहिते. थोडा वेळ रडला. मग डबा उघडून जेवला, अर्धाच.

म्हणजे सप्टेंबरात तू आलास तेव्हा त्याला माहीत होतं. तू त्याला अल्सरचं पथ्य समजावून सांगत होतास, थंड दूध, तिखट बंद, आणि तो "हो दादा, हो दादा" म्हणत होता, तेव्हा त्याला माहीत होतं. तू फोन केलास की तो म्हणायचा, "आज जळजळ कमी आहे." जळजळ त्याला कधी नव्हतीच. पहिली इंजेक्शनं त्याने घेतली ती माहीत असूनच घेतली. केस गेले तेव्हा तू म्हणालास, औषध गरम पडलं. तो म्हणाला, "पडलं खरं," आणि टोपी मागितली. जानेवारीत त्याने स्वतः डॉक्टरांना विचारलं, पुढच्या इंजेक्शनांनी किती मिळेल. डॉक्टर म्हणाले, थोडे आठवडे, बहुतेक पडूनच. तो म्हणाला, मग नको, रविवारी मला बसता आलं पाहिजे. त्याने हाय खाल्ली नव्हती. उरलेले रविवार कसे घालवायचे ते ठरवलं होतं, आणि तसे घालवले. शेवटच्या रविवारी भिंतीला टेकून त्याने विनोदला एवढा पिटाळला, की विनोद खरोखर घामाघूम झाला होता.

आता तो काय म्हणाला ते.

दुकानात, डबा बंद करताना म्हणाला, "दादाला कळू देऊ नको मला ठाऊक आहे ते."

मी विचारलं, "का?"

"त्याला झेपणार नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "तू असं म्हणतोस? तू? ज्योती रडली तरी तू कधी आकडा कमी केला नाहीस."

तो हसला. "अगं, तो खेळ होता. हा दादा आहे. त्याला वाटू दे, त्याने मला सांभाळलं. तेवढ्यावरच तो उभा आहे." मग माझ्याकडून शब्द घेतला. कधीच सांगायचं नाही, मी गेल्यावरसुद्धा नाही.

मी शब्द दिला. तू मांडवात उभा राहून मला बोललास तेव्हा हे सगळं माझ्या तोंडात होतं. "ऑगस्ट" एवढा एक शब्द उच्चारला असता तर तू जागच्या जागी बसला असतास, आणि मामांपासून भन्तेजींपर्यंत सगळ्यांनी ते बघितलं असतं. मी बोलले नाही. वर्षभर लोक माझ्याकडे बघून कुजबुजले. मी बोलले नाही. गेल्या चार पत्रांतही लिहिलं नाही. माफी मागितली नाही आणि कारणही दिलं नाही. हे मी त्याच्यासाठी केलं.

आज शब्द मोडते. तू विचारलंस म्हणून मोडते, पण तेवढ्यासाठीच नाही. चंदू चुकला असं मला वाटतं. हे मी आजवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. जन्मभर त्याने कुणाला लहान मानलं नाही, आणि शेवटी तुला मानलं. तुम्ही दोघं सहा महिने एकमेकांना सांभाळत बसलात. दोघांनाही खरं माहीत होतं आणि दोघंही दुधाबद्दल बोलत होतात. तुला त्याच्याशी काय बोलायचं होतं ते राहून गेलं. त्यालाही तुझ्याशी बोलायचं असणार. ते मी सांगितल्यामुळे नाही राहिलं, दादा. न सांगितल्यामुळे राहिलं.

याचा तुला त्रास होईल. होऊ दे. मी सोबत आहे, आई आहे.

रविवारी सकाळी दहाला वंदना आहे. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर मांडवात मी कुणासमोर काही कबूल करणार नाही, आणि तुलाही काही कबूल करायला लावणार नाही.

तुला झेपणार नाही असं तो म्हणाला होता. तू इथपर्यंत वाचलं आहेस.

तुझी
उज्वला